विश्लेषण : दुसरी ‘ओएस’ टाकताना संगणक अडकला, तर ‘फॉर्मॅट’ हाच उपाय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. ‘विंडोज ११’साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक त्यात बसत नाहीत आणि विंडोजशेजारी लिनक्स टाकून पाहण्याचा पर्याय पुढे येतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि ‘नाइलिट’चे केंद्र असलेल्या शहरात अभ्यासासाठीही अनेकांना दोन्ही प्रणाली लागतात. हा प्रयोग फसला की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉर्मॅट मारा’. बहुतेक वेळा तो अनावश्यक असतो.

नेमके काय बिघडते?

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील ‘यूईएफआय’ हे सॉफ्टवेअर डिस्कवरील एका छोट्या विभागाकडे जाते. विंडोजमध्ये तो बहुधा १०० एमबीचा असतो. प्रणाली कुठून सुरू करायची हे सांगणारा ‘बूटलोडर’ तिथे असतो आणि लिनक्सचा ‘ग्रब’ही तिथेच येऊन बसतो. इन्स्टॉलेशन सुरू असताना वीज गेली, किंवा नकोसे झालेले लिनक्स विंडोजमधून परस्पर पुसले, तर ‘ग्रब’ला पुढच्या फाइली सापडत नाहीत. काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढीच अक्षरे उरतात. मात्र सी ड्राइव्हमधील प्रकल्प अहवाल, दुकानाचे हिशेब, छायाचित्रे सहसा जागेवरच असतात. किल्ली हरवली म्हणून कुणी घर पाडत नाही.

दुरुस्तीचा क्रम कोणता?

आधी बूट मेनू उघडावा. कंपनीनुसार त्यासाठी एफ १२, एफ ९ किंवा एस्केप ही कळ असते. तिथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसला आणि त्यावरून विंडोज सुरू झाले, तर बायोसमध्ये तो पहिल्या क्रमांकावर आणला की काम संपते. लिनक्सला डिस्क दिसावी म्हणून बायोसमधील स्टोरेजची पद्धत बदलली असेल, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडते. अशा वेळी ती पूर्ववत करावी.

एवढ्याने भागले नाही, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ पर्याय निवडून संगणक सुरू करावा आणि महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. त्यानंतरच दुरुस्तीला हात घालावा. दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीचा विंडोज इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार करून त्यातील ‘रिपेअर’ पर्याय घ्यावा. ‘स्टार्टअप रिपेअर’ने जमले नाही, तर ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा बूटलोडर नव्याने बसवते. तिथे ‘इन्स्टॉल’चे बटण दाबू नये.

‘बिटलॉकर’चा अडथळा काय?

अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बूटची रचना बदलली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. ती नसेल, तर कोणताही दुरुस्तीवाला आतला मजकूर काढून देऊ शकत नाही. म्हणून लिनक्स टाकण्याआधीच ती कागदावर लिहून ठेवावी.

चूक नेहमी वापरकर्त्याचीच असते?

नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना. अशा संगणकांना हे अपडेट लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने आधी सांगितले होते. पूर्ण दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. तेव्हाही लोकांच्या फाइली सुरक्षितच होत्या.

डिस्कच पुसली गेली असेल तर?

‘इरेज डिस्क’ निवडले गेले असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. त्यावर काहीही नवे लिहू नये. ‘टेस्टडिस्क’ हे मोफत साधन हरवलेले विभाग शोधू शकते. पण एसएसडीमध्ये पुसलेला डेटा कायमचा जाण्याचा धोका जास्त असतो. इथे विलंब आणि प्रयोग दोन्ही महागात पडतात.

मग बदलायला काय हवे?

फॉर्मॅट हे दुकानदारासाठी ठरलेल्या वेळेचे, खात्रीचे काम आहे. डेटा काढण्यात वेळ जातो आणि त्याचे पैसे द्यायला ग्राहक कुरकुरतो. म्हणून सवय दोघांनी बदलायला हवी. ‘डेटाची प्रत घेतली की नाही’ हे दुकानाच्या पावतीवर लिहिले जावे आणि ग्राहकाने त्या कामाचे मोल द्यावे. महाविद्यालयांनी लिनक्स शिकवण्याआधी बॅकअप शिकवावा. केवळ सरावासाठी ‘डब्ल्यूएसएल’ किंवा व्हर्च्युअल मशीन पुरते, डिस्कचे विभाग करावे लागत नाहीत, हेही सांगावे. प्रणाली तासाभरात पुन्हा बसते. तीन वर्षांचे काम एकदा पुसले की पुन्हा बसवता येत नाही.