युद्धनौका आणि तांदळाची पिंपं

हॉस्टेलमध्ये ‘गेम’ म्हटलं की धडाधड गोळीबार आणि पहाटेपर्यंत आरडाओरडा, असं समीकरणच झालंय. त्यामुळे मी ‘वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन’ खेळायला बसलो की लोक स्क्रीनवरचे षटकोन आणि आकड्यांचे तक्ते बघून विचारतात, "हा गेम आहे की दुकानाची खतावणी?" माझं म्हणणं असं, की खतावणी आहे म्हणूनच प्रत्येक इंजिनिअरने तो एकदा तरी खेळावा.

२००९ साली आलेला हा गेम डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरपासून सुरू होतो. एक चाल म्हणजे एक दिवस. खरं युद्ध सप्टेंबर १९४५ मध्ये संपलं, म्हणजे तिथवर जायला १,३०० हून जास्त चाली! जपानची बाजू घेतली की नवखा गडी आधी ‘यामातो’ शोधतो. १८ इंची तोफांची अवाढव्य युद्धनौका, कुणाला आवडणार नाही? पण थोड्याच दिवसांत कळतं, की सगळा जीव तेलाच्या टँकरमध्ये आहे. पालेमबांग आणि बालिकपापनचं तेल जपानला पोचलं नाही तर कारखाने बंद, आणि यामातो बंदरात नुसती उभी.

हे गेमवाल्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेने तेल तोडलं, म्हणून तर जपान डच ईस्ट इंडिजवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियावर, धावून गेला. तेल मिळालंही. पण ते घरी आणणाऱ्या जहाजांची राखण हे जपानी नौदलाला दुय्यम काम वाटलं. त्यासाठी मोठी स्वतंत्र कमांड निघाली ती थेट नोव्हेंबर १९४३ मध्ये. जपानची जेवढी व्यापारी जहाजं बुडाली, त्यातलं निम्म्याहून जास्त टनेज एकट्या अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवलं.

एका बाबतीत मात्र गेम तोकडा पडतो. ग्वाडलकॅनाल बेटावर रसद संपली की स्क्रीनवर फक्त एक आकडा खाली येतो. १९४२ च्या शेवटी तिथे काय चाललं होतं? दिवसा अमेरिकन विमानांची भीती, म्हणून जपानी विनाशिका रात्री यायच्या, तांदळाची पिंपं दोराने बांधून समुद्रात सोडायच्या आणि उजाडायच्या आत पसार व्हायच्या. डिसेंबरातल्या एका रात्री १,५०० पिंपं सोडली, त्यातली जेमतेम ३१० किनाऱ्याला लागली. हजारो सैनिक भुकेने आणि रोगराईने गेले. जपानी लोक त्या जागेला ‘उपासमारीचं बेट’ म्हणू लागले.

आता आपल्याकडे बघा. टेक्निकल इव्हेंटला रोबो चालवणाऱ्याचा फोटो छापून येतो. चार्ज केलेली बॅटरी आणि जादा फ्यूज आठवणीने आणणाऱ्याचं नावही कुणाला माहीत नसतं. मेसमध्ये सिलिंडर वेळेवर येतो तोवर तो कोण आणतो हे कुणी विचारत नाही. ‘हे काय, कारकुनी काम!’ असं म्हणणाऱ्यांनी ती ३१० पिंपं आठवावीत.

तेव्हा मित्रहो, सबमिशन संपलं की खेळून बघा. ईमेलवर चाली पाठवून दोघांना खेळता येतो. अमेरिकेची बाजू घ्यायला कुणी तयार असेल तर रूमवर या. येताना वेळ मात्र भरपूर घेऊन या!