क्रीडा व्यवस्थापन : पदवी हाती, भान नाही!

क्रीडा व्यवस्थापन हा आता विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला आहे. २०१८ साली संसदेने मणिपूरमधील राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा संमत केला; २०२० साली महाराष्ट्र विधिमंडळानेही पुण्यातील आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठासाठी कायदा केला. हे स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो या पदवीने शिकवायचे काय, हा. प्रायोजक, प्रक्षेपणाचे हक्क आणि तिकीटविक्री एवढे आले की व्यवस्थापक तयार झाला, समाजेतिहासाचे आणि पर्यावरणाचे ओझे त्याच्यावर कशाला, असा युक्तिवाद काही मंडळी करतात. वरवर व्यवहारी वाटणारा हा युक्तिवाद व्यवहाराच्याच कसोटीवर टिकत नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवावा. लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते आणि त्याच वेळी आयपीएलच्या मैदानांवर लाखो लिटर पाणी शिंपडले जाणार होते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूत झाला. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी संघचालकांनी दाखविली खरी, परंतु ती न्यायालयात जाब द्यावा लागला तेव्हा! हे शहाणपण सामन्यांचे वेळापत्रक आखतानाच का सुचले नाही? शाश्वत व्यवसायाचा विचार हे शोभेचे प्रकरण नव्हे. तो नसेल तर धंदाही बुडतो, हाच त्या उन्हाळ्याचा धडा आहे.

समाजेतिहासाचेही तसेच आहे. पाळवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्याचे मैदान राखीत आणि गोऱ्या फलंदाजांना चेंडू टाकीत. त्यांचे कौशल्य पाहून हिंदू संघाने त्यांना घेतले; पण चहाच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र नाकारले गेले. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. हा इतिहास लाजिरवाणा आहे. म्हणूनच तो शिकविला पाहिजे. गुणवत्ता कोणत्या दारावर अडते हे ज्याला ठाऊक नाही, तो खेळाडू हेरणार कसा?

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. २०१० च्या दिल्लीतील स्पर्धेपूर्वी मुख्य मैदानालगतचा पादचारी पूल कोसळला आणि पुढे गैरव्यवहाराच्या आरोपांनी देशाची मान खाली गेली, हे विसरून चालणार नाही. विद्यापीठांनी आताच अभ्यासक्रम सुधारावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एखादी तालीम वा एखादे मैदान निवडून तेथे पाणी किती लागते, पैसा कोठून येतो आणि कोणाची मुले आत येऊ शकत नाहीत, याचा हिशेब मांडावा. हा हिशेब ज्याला जमला, त्याच्याच हाती देशाची क्रीडांगणे सोपवावीत.