पेठेची टीम

कोल्हापुरात फुटबॉल खेळतात त्या तालमी. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. संघांची ही नावं ऐकून परगावचा पाहुणा कुस्तीचा हौदा आणि लाल माती शोधायला लागतो. शाहू महाराजांच्या या गावात पोरांनी जमायची जागा तालीमच होती. गणपती तिचा, शिवजयंती तिची, मग फुटबॉल दुसरीकडे कुठं जाणार? भाद्रपदात पावतीपुस्तक घेऊन दारात येणारा कार्यकर्ता हंगामात शाहू स्टेडियमवर टीमचे जर्सी-बूट सांभाळत असतो. म्हणून इथं अकराजण हरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर अख्खी पेठ टोमणे खात बसते.

सामने दुपारी दोनला नि चारला. नोकरी-धंदा असलेल्या माणसाला ही वेळ कशी जमते, हे कोल्हापूरला कुणी विचारत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) वरिष्ठ गटाची लीग सोळा संघांची. ती आटोपते न आटोपते तोच चषक सुरू होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच चषकांवर कुणा ना कुणा नेत्याचं नाव असतं. त्याबद्दल फार नाक मुरडू नये. पैसा कुठून तरी यायला हवा, आणि निदान इथं तो हिरवळीवर तरी दिसतो.

माझं दुखणं निराळं आहे. हंगामाआधी खेळाडू नोंदणी होते, तेव्हा कोण कुठल्या पेठेत गेला याची चर्चा निवडणुकीच्या तिकिटांसारखी रंगते. परजिल्ह्यातले, परराज्यातले, आफ्रिकेतलेही खेळाडू येतात. त्यांच्यामुळं खेळ वेगवान झाला, हे मान्य. पण चषकाच्या ईर्षेनं तयार गडी आणायची सवय लागली की गल्लीतल्या सोळा वर्षांच्या पोराला बाकावरच हंगाम काढावा लागतो. गॅलरीत पेठ ओरडते, मैदानात मात्र पेठेतले मोजकेच.

ईर्षेलाच दोष देणारेही आहेत. हुल्लडबाजी, दगडफेक, पोलीस बंदोबस्त हे सगळं झालंय, आणि त्याचं कौतुक करायचं काही कारण नाही. तरी याच गावानं एक झकास रीत काढली. इथल्या स्पर्धांत सामनावीराबरोबर ‘लढवय्या’ खेळाडूचंही बक्षीस देतात, आणि ते बहुतेकदा हरलेल्या संघातल्या झुंजणाऱ्याला मिळतं. हरणाऱ्याची अशी कदर करणाऱ्या गावाला नुसतं भांडखोर कसं म्हणायचं?

अनिकेत जाधव याच गावचा. 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला, पुढं इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) गेला. पण त्यासाठी त्याला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. तेव्हापासून ‘कोल्हापूरचा एक व्यावसायिक संघ हवा’ ही मागणी अधूनमधून उठते. आता तर राष्ट्रीय पातळीवर खालच्या श्रेणींच्या लीगही आहेत, म्हणजे वर चढायला शिडी आहे. संघ निघाला तर आनंदच. मी मात्र त्याआधी मैदानं मागेन. मोठे सामने एकट्या शाहू स्टेडियमवर, आणि सरावाला शिवाजी पेठेतलं गांधी मैदान धरावं तर पावसाळ्यात त्याचं तळं होतं. खालच्या गटांतल्या टीमनी मग कुठं जायचं?

या खालच्या गटांचे सामने बघायला फारसं कुणी येत नाही. तिथं पाहुणे खेळाडू परवडत नाहीत, त्यामुळं खेळणारी पोरं गल्लीतलीच असतात. पास चुकतात, रेफ्रीशी हुज्जत होते, पण एखादा डावखुरा असा निघतो की शेजारी बसलेला म्हातारा लगेच विचारतो, ‘हे कुणाचं रं पोरगं?’ वरिष्ठ संघांच्या कारभाऱ्यांनी परगावची तिकिटं काढण्याआधी एखादी दुपार तिथं काढली, तर त्यांचे बरेच पैसे वाचतील.