केसांचा घसारा

‘केसांची दुरुस्ती’ हा शब्दप्रयोग अलीकडे घरोघरी रुळला आहे. पूर्वी दुरुस्ती व्हायची ती घड्याळाची, छत्रीची, फार तर गळक्या छपराची. केसांना आपण तेल लावत होतो, शिकेकाईने न्हात होतो, गळू लागले की काळजी करीत होतो. पण केस ही दुरुस्तीला टाकायची वस्तू आहे, असे कोणाच्या मनात आले नव्हते. आता रंगवून रंगवून राठ झालेले केस पूर्ववत करून देणारे मास्क, सिरम आणि तेले दुकानाच्या फळ्यांवर ओळीने मांडलेली असतात. ज्यांना ती परवडत नाहीत, किंवा ज्यांचा त्यांच्यावर विश्वास नाही, त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आहेच. अंडे, दही, केळे, मेथी, मध, लिंबू. रविवारी सकाळी ओट्यावरचे निम्मे साहित्य डोक्यावर जाते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की केसांची दुरुस्ती होत नाही, राखण होते. हा फरक नीट ध्यानात आला, तर पैसा, वेळ आणि केस तिन्ही वाचतात. तो ध्यानात येऊ नये अशीच बाजाराची इच्छा असते, म्हणून तो जरा विस्ताराने सांगायला हवा.

केस जिवंत असतो तो फक्त कातडीच्या आत, मुळाशी. बाहेर दिसतो तो केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा, नखासारखाच. म्हणून तर कापताना दुखत नाही. बोट कापले तर जखम भरून येते, कारण तेथे रक्त आहे, जिवंत पेशी आहेत. केसाच्या बाहेरच्या भागात यांपैकी काहीच नाही. तो झिजला की झिजला, दुभंगला की दुभंगला. दोन फाटे फुटलेले टोक कोणत्याही तेलाने कायमचे सांधले जात नाही. ते कात्रीनेच काढावे लागते. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना आम्ही यंत्रसामग्रीच्या किमतीतून दर वर्षी घसारा वजा करीत असू. एखाद्या कारखानदाराने जुन्या यंत्राला नवा रंग दिला, म्हणून ताळेबंदात त्याची किंमत वाढत नसे. मात्र वेळच्या वेळी वंगण मिळालेले यंत्र जास्त दिवस चाले, हेही खरे. केसांचा हिशेब याहून वेगळा नाही. घसारा थांबत नाही, त्याचा दर मात्र आपल्या हातात असतो.

हा घसारा रंगाने का वाढतो? कायम टिकणाऱ्या केशरंगाचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. युजेन श्युएलर या तरुण फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०७ साली असा रंग तयार करून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. १९०९ साली त्याने कंपनी काढली, तीच पुढे लोरेआल म्हणून जगभर पसरली. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ पद्धत फारशी बदललेली नाही. केसाच्या अंगावर मंगलोरी कौलांसारखे एकावर एक बसवलेले खवल्यांचे आवरण असते. रंगातला अमोनिया ही कौले उचकटतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून केसाचा मूळ रंग फिका करते आणि सोबत आलेल्या रंगहीन रसायनांपासून आतल्या आत गडद रंग तयार करते. रंगाचे हे कण मोठे असतात, म्हणून ते सहजासहजी बाहेर पडत नाहीत. केस रंगला, पण छपर उचकटले गेले ते पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही. शिवाय केसाच्या पृष्ठभागावर जन्मजात एक अत्यंत पातळ स्निग्ध थर असतो. केसाची चमक आणि सुळसुळीतपणा त्याच्यामुळे. रंगकामात तो धुऊन जातो आणि परत येत नाही. रंगवलेला केस पाणी पटकन शोषतो, गुंततो, तुटतो, त्याचे कारण हे.

‘अमोनियामुक्त’ असे लिहिलेले खोके पाहून पुष्कळ जणी निर्धास्त होतात. त्यात बहुधा अमोनियाच्या जागी इथेनॉलअमीनच्या जातीचे दुसरे अल्क घातलेले असते. ते उडून जात नाही, म्हणून नाकाला झोंबत नाही. कौले उचकटण्याचे काम तेही करते.

आता एक साधा हिशेब. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंतचा केस तीस सेंटिमीटर धरला, तर त्याचे टोक अडीच वर्षांचे झाले. दर महिन्याला पाकीट कालवून मुळापासून टोकापर्यंत थापण्याची पद्धत असेल, तर त्या टोकाने सुमारे तीस वेळा हा मार खाल्लेला असतो. वास्तविक दर खेपेला पांढरे दिसतात ते मुळाशी नव्याने आलेले सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर केस. रंग तेवढ्यालाच लावला, तर प्रत्येक इंचाच्या वाट्याला तो एकदाच येतो. तीस आणि एक! इतका मोठा फरक कोणत्याही मास्कने, कोणत्याही किमतीला पडत नाही. माझ्या मते घरच्या घरी करायचा पहिला आणि सर्वांत मोठा उपचार हाच. त्याला पैसे पडत नाहीत, उलट एका पाकिटात दोन खेपा भागतात. मात्र पूड किंवा क्रीम लागेल तेवढेच कालवावे, कालवून उरलेले पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

मग स्वयंपाकघरातल्या उपायांचे काय? त्यांचीही एकदा तपासणी करू. सगळे खरे मानायचे कारण नाही आणि सगळे थोतांडही नाही.

खोबरेल तेल तपासणीत उत्तम उतरते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. धुताना केसातले प्रथिन निघून जाते, ते खोबरेलाने लक्षणीय कमी झाले. चांगल्या केसांचेही आणि रसायनांनी खराब झालेल्यांचेही. बाकीच्या दोन तेलांना हे साधले नाही. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच तो निबंध वाचायला हवा. परंतु त्यांनी दिलेले कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचे असल्यामुळे केसाच्या आत शिरते आणि धुताना केस फुगणे कमी होते. तेव्हा न्हाण्याच्या आदल्या रात्री, निदान तासभर आधी, खोबरेल लावण्याची आपल्या आज्यांची रीत रंगवलेल्या केसांना तर अधिकच मानवते. ते टाळूवर ओतण्यापेक्षा केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला चोळावे. जुने आणि जीर्ण केस तेथेच असतात.

मेथी आणि जास्वंदीची पाने यांचा बुळबुळीत रस केसावर पातळ लेप देतो. गुंता सुटतो, विंचरताना केस कमी तुटतात. हा फायदा खरा आहे, पुढच्या न्हाण्यापर्यंतचा. दह्याचेही तसेच, त्याचा सौम्य आंबटपणा आणि स्निग्धता केसाला तात्पुरती मऊ करते. अंड्याबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. केस प्रथिनाचा, अंडे प्रथिनाचे, म्हणून एकाने दुसऱ्याची भर होईल, हे तर्कशास्त्र ऐकायला गोड आहे. पण अंड्यातल्या प्रथिनाचा रेणू इतका मोठा असतो की तो केसात शिरू शकत नाही. वरून पाणी जास्त गरम असेल, तर डोक्यावर भुर्जी होते एवढेच. अंडे खावे.

लिंबू आणि खाण्याचा सोडा यांना मात्र रंगवलेल्या केसांच्या आसपास फिरकू देऊ नये. सोडा अल्कधर्मी असल्याने रंगाने उचकटलेली कौले तो आणखी उघडतो. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे आणि तो कातडीवर असताना उन्हात बसले, तर पोळल्यासारखे चट्टे उठू शकतात. अंगाचा साबणही केसांना लावू नये. तो अल्कधर्मी असतो आणि विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. त्या मानाने शिकेकाई सौम्य; पूड असेल तर पाण्यात उकळून, गाळून घ्यावी, कारण तिची खर ओल्या केसाला घासते.

बाजारातल्या साध्या कंडिशनरला मी नावे ठेवणार नाही. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधले धनभारित कण नेमके तेथे जाऊन चिकटतात. हरवलेल्या स्निग्ध थराची ही बदली कामगार म्हणता येईल. कायम नोकरीवरची नव्हे, पण कामाची. शांपू टाळूला आणि कंडिशनर कानाखालच्या केसांना, दोन-तीन मिनिटे, एवढे पथ्य पुरते. ओला केस कोरड्यापेक्षा कमकुवत असतो, म्हणून तो पंचाने खसाखसा पुसू नये, टिपावा. मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकांकडून वर सुटा करीत यावे. तुटलेले दुवे सांधण्याचा दावा करणारी महागडी बाटली घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने आपल्या खिशाकडे पाहून ठरवावे. पण पेरॉक्साइडने केसातले गंधकाचे जे दुवे जळून गेले, ते पूर्वीसारखे होत नाहीत, हे माहीत असू द्यावे.

येथवर प्रश्न केसांचा होता. पुढचा प्रश्न कातडीचा, क्वचित जिवाचाही आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नेहमीची ‘हर्बल’ काळी मेंदी लावली. वर्षानुवर्षे त्या तीच वापरीत होत्या. सकाळी त्यांचे डोळे उघडेनात, चेहरा ओळखू येईना. साखरपुडा बाहेर चालला होता आणि त्या आतल्या खोलीत पडून होत्या. आपण मेंदीच लावतो, रंग लावत नाही, असे त्यांनी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगितले. खऱ्या मेंदीच्या पानाने केस तांबूस-नारिंगी होतात, काळे कधीच होत नाहीत. अर्ध्या तासात काळेभोर करणाऱ्या मेंदीत बहुधा पॅराफिनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते. ते कित्येक वर्षे सोसते आणि एक दिवस अचानक सोसेनासे होते. एकदा ॲलर्जी जडली, की ती सहसा जन्मभर सोबत करते. युरोपीय संघाने केशरंगात प्रत्यक्ष डोक्याला लागणाऱ्या मिश्रणातले त्याचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंतच मर्यादित ठेवले आहे. आपल्याकडेही अशा रंगांवर इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापावा लागतो: आधी चाचणी घ्या, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात. हा इशारा किती बारीक अक्षरांत असतो, ते चाळिशी लावून एकदा बघावे. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांचे डोळेही उतरले आहेत, एवढे तरी छापणाऱ्यांनी समजून घ्यायला हवे. तो मोठ्या ठळक मराठीत, खोक्याच्या दर्शनी बाजूस असावा, ही मागणी ग्राहक म्हणून आपण केली पाहिजे.

तोवर कानामागे चिमूटभर रंग लावून दोन दिवस वाट पाहण्याला पर्याय नाही. खाज, लाली, पुरळ काहीही दिसले, तर ते पाकीट फेकून द्यावे आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. आणि ही चाचणी कार्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी करावी.

‘मग रंगवताच कशाला? पांढरे केस शोभून दिसतात,’ असा उपदेश काही मंडळी करतात. उपदेश करणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यातले निम्मे स्वतः कलप लावतात. केस पिकले की पुरुष पोक्त दिसतो आणि बाई थकलेली, हा आपल्या समाजाचा जुना हिशेब आहे. दुकानात, शाळेत, कचेरीत रोज लोकांसमोर उभी राहणारी बाई केस रंगवते, तेव्हा ती नुसती हौस नसते. कित्येकदा नोकरीचा तो न लिहिलेला नियम असतो. मी स्वतः केस रंगवते आणि मन होईल तोवर रंगवीन. माझी तक्रार रंगाबद्दल नाही. आधी रंगाचे पैसे, मग रंगाने झालेल्या नुकसानीवर मास्कचे पैसे, मग मास्कने काही झाले नाही म्हणून त्याहून महाग बाटलीचे पैसे, आणि शेवटी ‘तुमचीच निगा कमी पडली’ हा ठपका. या साखळीबद्दल माझी तक्रार आहे. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, ते मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

एक शब्द विशी-पंचविशीतल्या मुलींसाठी. पांढऱ्या केसाला रंग द्यायचा तर त्यातून काढून टाकण्यासारखे फारसे काही नसते. तुमच्या काळ्याभोर केसांवर सोनेरी बटा हव्या असतील, तर आधी त्यातला काळा रंग ब्लीचने जाळावा लागतो, आणि त्यात केसाचे बळही जाते. हौस करा, वय आहे. पण एखाद-दुसऱ्या बटेची करा, आणि खालचे केस पुढे कापावे लागतील हे धरूनच करा.

आज टोकाशी जे केस राठ झाले आहेत ते तेल लावून, जपून विंचरून, थोडे थोडे कापत दिवस काढतील. भिस्त ठेवायची ती मुळाशी येणाऱ्या नव्या केसावर. तो महिन्याला एक सेंटिमीटर या गतीने, काही न मागता येतच असतो. त्याला रंग एकदाच लागू द्या. अडीच वर्षांनी खांद्यापर्यंतचे सगळे केस तेच असतील.