पार्सल कुठं अडलं, ते आमच्या भाषेत सांगा

प्रति,
टपाल खात्यातल्या आणि कुरियर कंपन्यांतल्या त्या अधिकाऱ्यांस, ज्यांच्या हाती ट्रॅकिंगच्या पडद्यावरचे शब्द आहेत



मी पेणला राहते. आई रोह्याच्या पुढे, कुंडलिकेकाठच्या आमच्या गावी एकटी असते. गेल्या आषाढात तिचं कानाचं यंत्र बिघडलं, म्हणून पुण्याला दुरुस्तीला दिलं. दुरुस्त झालेलं यंत्र एका खासगी कुरियरनं गावच्या पत्त्यावर निघालं. ट्रॅकिंगचे निरोप माझ्या मोबाइलवर येत होते. पुणे, भिवंडी, पनवेल. पनवेलहून रोह्याला जाणारी गाडी पेणवरूनच जाते, त्यामुळे ते पाकीट माझ्या घराजवळून पुढे गेलं असणार. चौथ्या दिवशी सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आलं. संध्याकाळी आलं, ‘डोअर लॉक्ड’.

आई दिवसभर ओटीवर बसून होती. दाराला कुलूप लावायचा प्रश्नच नव्हता. मी शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘डोअर लॉक्ड’. तिसऱ्या दिवशी इंग्रजीत निरोप आला की पाकीट ‘आरटीओ’ झालं. पेणमध्ये आरटीओ म्हणजे एमएच ०६ च्या गाड्यांच्या नोंदणीचं कार्यालय. काकूंच्या मुलानं तो निरोप आईला वहीत लिहून दाखवला, तर आपल्या यंत्राचं काही सरकारी लफडं झालं असं वाटून ती रात्रभर जागी राहिली. त्या तीन अक्षरांचा कुरियरच्या भाषेतला अर्थ, पाकीट पाठवणाऱ्याकडे परत निघालं, हा मलाही दुसऱ्या दिवशी कळला. तोवर ते पनवेलच्या पलीकडे गेलं होतं.

नंतर डिलिव्हरीचा मुलगा भेटला. साधा, कष्टाळू मुलगा. तो दोन्ही दिवस गावच्या फाट्यापर्यंत आला होता. पावसानं आतल्या रस्त्याची दैना झालेली, पाठीवर पार्सलांचं ओझं, म्हणून त्यानं फाट्यावरून पत्त्यावरच्या नंबरला फोन केला. तो नंबर आईचा. आईला फोन ऐकू आला नाही, कारण ऐकायचं यंत्र त्याच्याच पिशवीत होतं. त्याच्या अ‍ॅपमध्ये चार-पाच ठरावीक कारणं होती, त्यांत ‘फाट्यापर्यंत आलो, फोन उचलला नाही’ असं कुठंच नव्हतं. म्हणून त्यानं सगळ्यांत जवळचं कारण दाबलं.

मला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो त्या चार-पाच कारणांच्या यादीचा. ती यादी कुठल्या तरी शहरात बसून केलेली आहे, जिथं दार म्हणजे फ्लॅटचं दार आणि न मिळणं म्हणजे कुलूप. खरं कारण एका ओळीत कळलं असतं तर मी त्याच संध्याकाळी काकूंच्या मुलाला फाट्यावर पाठवलं असतं. चुकीच्या कारणामुळे आम्ही चुकीच्या वाटेनं धावलो. तीन आठवडे आई बहिरी राहिली.

तेव्हापासून मी आमच्या भागातल्या लोकांना त्यांच्या मोबाइलवरच्या ओळी वाचून दाखवते. बहुतेकांची भीती एकच असते: दोन दिवस काही हललं नाही, म्हणजे पार्सल हरवलं. मी त्यांना सांगते ते असं. स्पीड पोस्टच्या पाकिटावर तेरा खुणांचा क्रमांक असतो. दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी भारताची ‘आयएन’ ही दोन अक्षरं. जगभरच्या टपालाचा हा सामायिक नमुना आहे. ‘आयटम बॅग्ड’ म्हणजे तुमचं पाकीट इतर पाकिटांबरोबर थैलीत घातलं आणि थैलीला सील लावलं. तिथून पुढे नोंद थैलीची होते, पाकिटाची नाही. थैली गाडीत चढते, उतरते, दुसऱ्या केंद्रात जाते. ती उघडेपर्यंत पाकीट गप्प असतं. म्हणून दोन दिवसांचा तो अबोला बहुतेक वेळा प्रवासाचाच असतो. एवढं कळलं तरी माणसाचा जीव भांड्यात पडतो. मग हीच गोष्ट त्या ओळीखाली मराठीत का लिहिलेली नसावी?

अजून एक गोष्ट दाखवते. त्या नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला असतो. एखादा आकडा चुकला तर संगणक ते बहुतेक वेळा ताबडतोब ओळखतो. पिनकोडला असा पहारेकरी नाही. पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९. नागोठणे आणि पोयनाडही याच ओळीतले, ४०२१०६ आणि ४०२१०८. घाईत लिहिलेला सात आणि नऊ यांत फरक तो किती? पण तेवढ्यानं पाकीट चाळीसेक किलोमीटर भलतीकडे जातं, आणि प्रत्येक टप्प्यावरची नोंद मात्र बरोबरच दिसते, कारण पाकीट खरोखरच लिहिलेल्या पिनकोडकडे निघालेलं असतं. बुकिंगच्या वेळी गावाचं नाव आणि पिनकोड जुळत नसतील तर खिडकीवरच विचारणा व्हावी, ही माझी दुसरी मागणी आहे. पहिली मराठीची.

आणि ती मागणी नवी नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते, मराठी होते, संस्कृतात कविता करणारे होते. एकाच नावाची अनेक गावं, चुकीचे पत्ते आणि वेगवेगळ्या भाषांत लिहिलेली पाकिटं यांतून वाट काढायला ते सहा आकडे आले. म्हणजे माणूस आपल्या भाषेत पत्ता लिहिणार, हे खात्यानं तेव्हाच मान्य करून टाकलं होतं. आम्ही आजही पाकिटावर मराठीत पत्ता लिहितो आणि तुमचा पोस्टमन तो वाचतो. मग उलट दिशेनं येणारं उत्तर इंग्रजीत का?

ही गरज आता वाढलीही आहे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. कोर्टाची नोटीस, जमिनीचे कागद, असं जे जे पूर्वी रजिस्टरनं जायचं आणि ज्याची पोहोच पावती लोक ट्रंकेत जपून ठेवायचे, ते सगळं आता त्याच ट्रॅकिंगवर आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशभरच्या पोस्टांत नवी संगणक प्रणाली आली. ती खात्याच्या स्वतःच्या म्हैसूरच्या केंद्रानं बनवली, ही मला मोठी अभिमानाची गोष्ट वाटते. प्रणाली आपली, म्हणजे तिच्यातले शब्दही आपल्याच हातात. ते बदलायला बाहेरच्या कुणाची परवानगी लागू नये.

उशिराचं कारण सांगणं तुम्हाला जमत नाही असंही नाही. अमेरिकेनं आयात कराचे नियम बदलले तेव्हा २५ ऑगस्ट २०२५ पासून तिकडची पार्सलं थांबली. खात्यानं ते जाहीर केलं, का थांबली ते सांगितलं आणि अडकलेल्या पाकिटांचा टपालखर्च परत मागता येईल हेही सांगितलं. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी. पेणच्या गणेशमूर्ती समुद्रापार जातात आणि इथल्या कितीतरी आयांची लेकरं तिकडे आहेत. फराळाचा डबा त्या वर्षी वेळेत पोचणार नाही याचं दुःख होतंच, पण निदान कारण ठाऊक होतं. न्यूयॉर्कची वाट बंद असल्याचं सांगता, तर पेणजवळच्या वडखळची का नाही? मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. पावसाळ्यात पनवेलच्या दक्षिणेला गाड्या किती रखडतात हे तुमच्या प्रत्येक चालकाला माहीत आहे. ते पडद्यावर आलं की आम्ही वाट बघू. कोकणातल्या माणसाला पावसाची वाट बघायची सवय आहे.

खासगी कंपन्यांना माझं आणखी एक मागणं आहे. डिलिव्हरीच्या मुलाला पत्त्याखाली दोन ओळी वाचता याव्यात: ‘आजींना ऐकू येत नाही, पेणच्या मुलीला फोन करा.’ आणि त्याला खरं कारण नोंदवता यावं. रस्ता खचला, दिवस मावळला, फोन लागला नाही. खरं लिहिलं म्हणून त्याचे पैसे कापले जाऊ नयेत. ते कापले जाणार असतील तर तो ‘डोअर लॉक्ड’च दाबणार.

शब्द कुठून आणायचे असा प्रश्न पडला, तर रोह्याच्या आणि पेणच्या गावागावांतल्या डाकसेवकांना बोलवा. हे लोक रोज दारात उभं राहून तुमच्या ट्रॅकिंगचं भाषांतर करत असतात. ‘बाय, थैली अजून आली नाय, उद्या बघू.’ ‘पत्ता बरोबर हाय, पिन चुकलाय.’ ‘तुमचं पाकीट परत चाललंय, आजच पोस्टात या.’ त्यांच्याकडून ही वाक्यं एकदा लिहून घ्या, आणि थैली, पिन, परत या तीन गोष्टींपासून सुरुवात करा.

आपली,
पेणची एक रहिवासी