दिव्यांगांच्या राखीव वाहनतळासाठी परवाना गाडीच्या नव्हे, व्यक्तीच्या नावे द्यावा

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : दिव्यांग कल्याण विभाग, नगरविकास विभाग, परिवहन आयुक्त कार्यालय

विषय : दिव्यांग व्यक्तींसाठी राखीव वाहनतळाची जागा, तिचा परवाना आणि तिच्या अंमलबजावणीचा राज्यस्तरीय आदेश काढण्याबाबत

महोदय,

रुग्णालये, मॉल, रेल्वे स्थानके आणि काही शासकीय कार्यालये यांच्या आवारात निळ्या चौकोनात व्हीलचेअरचे चित्र रंगवलेले दिसते. त्या चित्रावर गाडी लावण्याचा हक्क कोणाला आहे, तो हक्क कोणत्या कागदाने सिद्ध होतो आणि हक्क नसलेल्या माणसाने तिथे गाडी लावली तर कोणत्या आदेशाखाली दंड होतो, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र देणारा आदेश आमच्या माहितीप्रमाणे राज्यात नाही. त्यामुळे जागा राखीव आहे की नाही, हे प्रत्यक्षात त्या दिवशी तिथे उभा असलेला सुरक्षारक्षक ठरवतो. भल्या माणसाशी गाठ पडली तर जागा मिळते, नाहीतर ‘साहेबांची गाडी आहे, पाच मिनिटांत निघेल’ हे उत्तर मिळते. कायद्याने दिलेला हक्क असा रक्षकाच्या मर्जीवर राहू नये, यासाठी हे निवेदन आहे.

जागेविषयी कायदा गप्प नाही, हे आधी नोंदवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांच्या संदर्भात वाहनतळाचा स्पष्ट उल्लेख आहे. सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कलम ४४ सांगते. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम ४५ ने नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ते नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे मूळ मुदत जून २०२२ मध्येच संपली. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत, किमान ३.६ मीटर रुंदीच्या दोन मोटारींची जागा दिव्यांगांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. नेहमीच्या मोटारीला अडीच मीटर पुरतात. वरचा मीटरभर दार पूर्ण उघडून बाजूला व्हीलचेअर लावण्यासाठी आणि तिच्यात सरकून बसण्यासाठी लागतो. तो मीटर कमी केला तर जागेवर चित्र राहते, उपयोग राहत नाही. सुगम्यतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) ला कायद्याशी विसंगत ठरवले. कारण कायद्याला बंधनकारक निकष अपेक्षित असताना नियमांनी केवळ मार्गदर्शक सूचना पुढे केल्या होत्या. बंधनकारक निकष कोणते आणि ऐच्छिक कोणते, हे वेगळे करायला न्यायालयाने केंद्राला तीन महिने दिले. तेव्हा जागा द्यावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही.

उरला आहे तो परवान्याचा प्रश्न, आणि आमच्या मते सगळे घोडे तिथेच अडले आहे. आपल्याकडे दिव्यांगांना वाहनाविषयी ज्या सवलती मिळतात, त्या बहुतांशी गाडीला चिकटलेल्या आहेत. दिव्यांगासाठी खास रचना केलेले वाहन असेल तर राष्ट्रीय महामार्गावर पथकर माफ होतो. जीएसटीची सवलत नव्या मोटारीच्या खरेदीवर मिळत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने वाहन नोंदणीच्या अर्जात मालकाच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ ही नोंद आणली, पण तिचाही संबंध मालकीशी आहे. या रचनेने एक मोठा वर्ग बाहेर राहतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला उपचारासाठी नेणारी गाडी तिच्या वडिलांच्या नावावर असते. पक्षाघात झालेल्या आजोबांना शेजाऱ्याच्या गाडीतून नेले जाते. पूर्णपणे अंध माणूस गाडी चालवत नाही, पण दारापासून दूर, वर्दळीच्या रस्त्यावर उतरवले की त्याचे हाल होतात. यांपैकी एकाचीही गाडी दिव्यांगाची गाडी ठरत नाही. उलट दिव्यांगाच्या नावे सवलतीत घेतलेली मोटार घरातला धडधाकट माणूस एकटा घेऊन गेला, तर आरसी बुकावरच्या नोंदीच्या जोरावर तो राखीव जागेवर हक्क सांगू शकतो. गरज व्यक्तीची आहे आणि हक्क मात्र वाहनाला, ही गफलत दूर केल्याशिवाय पुढचे काहीच नीट होणार नाही.

ब्रिटनने ही गोष्ट पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ओळखली. १९७० च्या कायद्यानंतर १९७१ मध्ये तिथे नारिंगी बॅज सुरू झाला आणि २००० पासून त्याची जागा निळ्या बॅजने घेतली. तो व्यक्तीच्या नावे असतो. ती व्यक्ती ज्या गाडीत असेल त्या गाडीच्या काचेमागे तो ठेवायचा, मग गाडी कोणाचीही असो. छायाचित्र मागच्या बाजूला असते, म्हणजे रस्त्यावरच्या कोणालाही माणसाचा चेहरा दिसत नाही. बॅज जास्तीत जास्त तीन वर्षे चालतो, मग पुन्हा अर्ज करावा लागतो. गैरवापराला १,००० पौंडांपर्यंत दंड आहे. इंग्लंडमध्ये ३० ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वालाही तो मिळू लागला. ती पद्धत उचलून जशीच्या तशी इथे आणा, असे आमचे म्हणणे नाही. तिचा गाभा घ्यावा, एवढेच.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की दिव्यांगांना ओळखपत्र म्हणून यूडीआयडी कार्ड आहे ना, मग आणखी एक कागद कशाला? आक्षेप रास्त आहे, पण त्याला दोन उत्तरे आहेत. कार्ड माणसाच्या खिशात असते आणि माणूस दवाखान्यात असतो. बाहेर उभ्या गाडीवर काही दिसत नसेल तर वाहतूक पोलिसाने कशावरून ओळखायचे? दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. २०२४ च्या सुधारणेनंतर हे कार्ड पांढरे, पिवळे आणि निळे अशा तीन रंगांत येते आणि रंग टक्केवारीवरून ठरतो : ४० च्या खाली पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे, ८० आणि त्यापुढे निळे. चालता येणे आणि टक्केवारी यांचा सरळ संबंध नाही. अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगता आहे. निळे कार्ड असलेली कर्णबधिर व्यक्ती अर्धा किलोमीटर सहज चालेल, आणि पिवळ्या कार्डाच्या, कॅलिपर घातलेल्या व्यक्तीला शंभर मीटरही जड जातील. म्हणून वाहनतळाचा परवाना यूडीआयडीच्या नोंदीवर आधारलेला असावा, पण पात्रतेची कसोटी हालचालीची आणि सुरक्षित उतरण्याची असावी. सगळ्या कार्डधारकांना सरसकट परवाना दिला तर ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याच जागा भरून जातील. हे म्हणणे काही दिव्यांग बांधवांना आवडणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे.

आता त्या विषयाकडे वळतो ज्याची दखल परदेशी नमुन्यांत मिळणार नाही. महाराष्ट्रातला फिरणारा दिव्यांग माणूस प्रामुख्याने मोटारीत बसलेला नसतो. तो साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर असतो किंवा हाताने वा बॅटरीने चालणाऱ्या तीनचाकी सायकलवर असतो. वर सांगितलेली विकास नियंत्रण नियमावली मात्र राखीव जागा मोटारीच्या मापाने मोजते. दुचाकीसाठी तिने १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब जागा धरली आहे आणि प्रत्यक्षात त्या मापात दोन-दोन गाड्या कोंबल्या जातात. साइड व्हीलची स्कूटर त्या रांगेत शिरत नाही. शिरलीच तर कुबड्या काढून उतरायला बाजूला जागा राहत नाही, आणि परत येईपर्यंत दोन्ही अंगांना गाड्या लागलेल्या असतात. बाकीचे लोक शेजारची गाडी उचलून सरकवतात आणि आपली काढतात. ज्याच्या पायांत बळ नाही त्याने ते कसे करावे? सम-विषम तारखेच्या रस्त्यावर, म्हणजे पी-१, पी-२ च्या पाटीखाली, आज या बाजूला आणि उद्या त्या बाजूला गाडी लावायची. पलीकडे लावावी लागली तर दुभाजक असलेला रस्ता ओलांडायचा. मोटारीची जागा रिकामी असेल तर तिथे स्कूटर लावू दिली जात नाही, कारण ती ‘फोर व्हीलरची’ आहे. त्यातच टोइंगचा ट्रक आला की स्कूटर उचलली जाते, आणि उचलताना साइड व्हीलचा सांगाडा वाकण्याची धास्ती वेगळीच. इतरांची गाडी उचलली तर ते रिक्षा करून चौकीवर जातात. या माणसाचे पायच उचलून नेलेले असतात. त्यामुळे राखीव जागेचे माप ठरवताना स्कूटर आणि तीनचाकी यांचा स्वतंत्र विचार व्हावा, हा आमचा सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे. एका मोटारीच्या ३.६ मीटर रुंद जागेत अशा दोन स्कूटर उतरण्याच्या मोकळ्या पट्टीसह बसतात. नवी जमीन लागत नाही.

अंमलबजावणीसाठी नवा कायदाही लागत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ ने गाड्या कुठे उभ्या राहतील हे ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, दिला आहे. कलम ११६ ने पाट्या लावण्याचा अधिकार दिला आहे. मनाई असलेल्या जागेतून गाडी हलवणे किंवा तिला जॅमर लावणे कलम १२७ खाली शक्य आहे. कलम १७७ चा सर्वसाधारण दंड २०१९ च्या दुरुस्तीने ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये झाला. अडचण एवढीच की महापालिकेच्या ठेकेदाराने रंग मारला, पण वाहतूक शाखेने त्या जागेचा आदेशच काढला नाही, तर तो रंग कायद्याच्या दृष्टीने नक्षी ठरतो. पोलीस कारवाई करत नाहीत अशी तक्रार करण्याआधी पोलिसांच्या हातात आदेश द्यावा, असे आम्हाला वाटते.

गैरवापराची भीती खरी आहे. बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांचा विषय २०२४ मध्ये राज्यात किती गाजला हे आपण जाणताच, आणि त्याचा सर्वाधिक त्रास खऱ्या दिव्यांगांनाच झाला. पण काही प्रमाणपत्रे बनावट निघतात म्हणून कोणी प्रमाणपत्रे देणे बंद करत नाही. परवान्यावर क्यूआर कोड असावा, पोलिसाच्या ई-चलान यंत्रावर तो वाचला की परवाना चालू आहे की रद्द, एवढेच दिसावे. नाव आणि आजार दिसू नये. स्कूटरला काच नसते, म्हणून परवानाधारकाने सांगितलेला वाहन क्रमांक त्याच नोंदीला जोडता यावा. व्यक्ती गाडीत नसताना परवाना वापरला तर तो काही काळ निलंबित व्हावा. खोटी माहिती देऊन दिव्यांगांचा लाभ घेणाऱ्याला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आधीच आहे. ती परवान्याच्या अर्जावर ठळक छापली तरी बरेच काम होईल.

जागेच्या टंचाईचा आक्षेप यापेक्षा कठीण आहे. पुणे, ठाणे, नाशिक या शहरांत माणसे गाडी लावायला घिरट्या घालतात, तिथे राखीव जागा दिवसभर रिकामी दिसली तर राग येणारच. ‘कोणी येत तर नाही,’ असे म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेने राज्यात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग मोजले. ते दिसत नाहीत याचे एक कारण असे की पोहोचल्यावर उतरता येईल याची खात्री नसेल तर माणूस निघतच नाही. रिकामी जागा ही त्या खात्रीची किंमत आहे. तरीही सगळ्या रस्त्यांवर एकाच प्रमाणात जागा राखाव्यात, असे आम्ही म्हणत नाही. जिल्हा रुग्णालय, तहसील कचेरी, बँका, न्यायालय, नाट्यगृह, मंडई यांच्या दाराशी त्या आधी व्हाव्यात. निव्वळ निवासी गल्लीत मागणी आल्यावर द्याव्यात. खर्चाचे म्हणाल तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी आहे. रंग, पाटी आणि एक उतार यांना त्यातला फार थोडा भाग पुरेल.

वाहनतळ फुकट मिळावा, ही मागणी आम्ही मुद्दाम केलेली नाही. पे अँड पार्कमध्ये शुल्क माफ केले की ठेकेदाराला ती जागा तोट्याची वाटते आणि तो ती दुसऱ्याला देऊन टाकतो. शासनाला माफी द्यायचीच असेल तर ती ठेकेदाराच्या करारातच भरून द्यावी. आम्हाला आधी दाराजवळची, रुंद आणि सपाट जागा हवी आहे.

तेव्हा आमची विनंती अशी. परिवहन, गृह, नगरविकास आणि दिव्यांग कल्याण या विभागांनी मिळून एक शासन निर्णय काढावा आणि त्यात व्यक्तीच्या नावे, राज्यभर चालणारा, ठरावीक मुदतीचा वाहनतळ परवाना निर्माण करावा. अर्ज यूडीआयडीच्या नोंदीवरून ऑनलाइन घ्यावा, म्हणजे पुन्हा जिल्हा रुग्णालयाची खेप पडणार नाही. राखीव जागांचे माप मोटार, साइड व्हीलची स्कूटर आणि तीनचाकी यांसाठी वेगवेगळे ठरवावे. प्रत्येक शहराच्या वाहतूक शाखेने आपल्या हद्दीतील राखीव जागांचा कलम ११७ खालील आदेश ठिकाणांच्या यादीसह प्रसिद्ध करावा. परवानाधारकाची गाडी रहदारीला प्रत्यक्ष अडथळा होत नसेल तर उचलू नये. चूक असल्यास ई-चलान द्यावे. शस्त्रक्रियेनंतर किंवा अपघातानंतर काही महिने चालता न येणाऱ्यांसाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर अल्पमुदतीचा परवाना असावा. गृहनिर्माण संस्थांमध्ये सोडत काढण्याआधी दिव्यांग सभासदाला लिफ्टजवळची जागा मिळावी, असे निर्देश सहकार विभागामार्फत द्यावेत.

शासन निर्णयाचा मसुदा करताना साइड व्हीलची स्कूटर आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे आणि ती बैठक अशा इमारतीत घ्यावी जिथे त्यांना गाडी लावता येईल. या निवेदनावर काय कार्यवाही झाली हे आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
दिव्यांग नागरिक, त्यांचे पालक व कुटुंबीय
(स्वाक्षऱ्या सोबत जोडल्या आहेत)