गाय उलटते, दोष कुणाचा?

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी अर्धा तास उभे राहावे. दुधाचा दर आणि पेंडीचा दर हे दोन विषय संपले की तिसरा हमखास निघतो : ‘गाय उलटतेय.’ गाय माजावर येते, डॉक्टर कांडी भरतात, एकवीस दिवसांनी पुन्हा माज. असे तीन-चारदा झाले की कुणी इंजेक्शन सुचवतो, कुणी कांडीला नावे ठेवतो आणि अखेर गायीला बाजार दाखवला जातो. या निकालाविरुद्ध मला अपील करायचे आहे. माझे मत असे की, उलटणाऱ्या गायींपैकी पुष्कळ गायी मुळात निरोगी असतात. दोष त्यांच्या दावणीत आणि छपरात असतो.

हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहू. जगायला प्राणवायू लागतो, पण तोच प्राणवायू लोखंड गंजवतो. शरीरातल्या पेशी अन्न जाळून शक्ती मिळवतात, तेव्हा प्राणवायूचे काही अतिचंचल कण निसटतात. शास्त्रज्ञ त्यांना मुक्त मूलके म्हणतात. पेशीचे स्निग्ध आवरण, प्रथिने, जनुकद्रव्य, जे समोर येईल त्याला ती डसतात. शरीराजवळ यावर उतारा असतो. काही विकरे, ई जीवनसत्त्व, कॅरोटीन, आणि सेलेनियम, जस्त, तांबे यांसारखी खनिजे हे काम करतात. मूलके वाढली आणि उतारा कमी पडला, की जी अवस्था येते तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

या ताणाचा फटका प्रजननाला फार लवकर बसतो. शुक्रजंतूचे आवरण नाजूक स्निग्धांचे बनलेले असते आणि मोडतोड दुरुस्त करण्याची सोय त्याच्याजवळ जवळजवळ नसते. गाभ टिकवणारे संप्रेरक अंडाशयातल्या पीतपिंडात तयार होते. हे काम करताना त्या पिंडातही मूलके सुटतात. गायीच्या पीतपिंडाचा पिवळा रंग कॅरोटीनचा असतो आणि ते कॅरोटीन येते हिरव्या चाऱ्यातून. व्याल्यावर वार वेळेवर न पडणे, याचाही ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमच्या कमतरतेशी संबंध आढळला आहे.

ई जीवनसत्त्वाचा शोधच मुळी प्रजननातून लागला. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी उंदरांना ठराविक शुद्ध आहारावर ठेवले. माद्या वरून धडधाकट दिसत, गाभण राहत, पण गर्भ पोटातच जिरत. आहारात लेट्यूसची हिरवी पाने घातल्यावर पिले जन्मू लागली. पुढे या द्रव्याला टोकोफेरॉल हे नाव मिळाले. त्यातील ‘टोकोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच बाळंतपण. पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे, हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या गोठ्यात तो अजून पोचायचा आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांची गंमत अशी की, इथे दुष्काळ आणि सुबत्ता दोन्ही एकाच ठिकाणी चुकतात. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात उन्हाळ्यात दावणीत वाळका कडबा असतो. उन्हात वाळताना चाऱ्यातले कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व बरेचसे उडून जाते. उलट कृष्णाकाठी, कराड-वाळव्याकडे, पाण्याला तोटा नाही. पण गळिताच्या हंगामात दावणीत येते ते उसाचे वाढे. त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झलेट जास्त. हे ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीसारख्या चारा छावण्यांनी जनावरे जगवली, हे उपकार मोठेच. पण जनावर जगणे वेगळे आणि गाभण राहणे वेगळे. तंगीत शरीर आधी स्वतःचा जीव राखते. वंशाचा विचार नंतर.

त्यात ऊन. तापलेल्या पत्र्याखाली बांधलेल्या जनावराच्या पेशींत मूलके वाढतात. वळूच्या शरीरात शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून मेच्या उन्हाचा हिशेब जुलैत चुकता होतो. म्हशीचे कातडे काळे, घाम कमी. उन्हाळ्यात तिचा माज मुका राहतो. आणि संकरित गाय? व्याल्यावर ती खाते त्यापेक्षा जास्त दुधातून देते, अंगची चरबी जाळते, आणि नेमक्या त्याच दोन-तीन महिन्यांत तिने पुन्हा गाभण राहावे अशी आपली अपेक्षा. मग कुणी म्हणते, खिलारच बरी होती. खिलार उन्हाला चिवट आहे यात शंका नाही. पण तिच्यावर वीस लिटरचा बोजा कधी कुणी टाकलाच नव्हता. घर दुधाच्या पगारावर चालते, म्हणून मागे फिरा हा सल्ला मी देणार नाही.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. ‘ताण’ हा शब्द बाजारात आला की मागोमाग पुड्या आणि बाटल्या येतात. मुक्त मूलके सरसकट शत्रू नाहीत. बीज सुटण्यासाठी आणि शुक्रजंतू फलनाला सिद्ध होण्यासाठी ती थोडी लागतातच. प्रजननामुळे शरीराची झीज होते का, यावरही शास्त्रज्ञांत वाद आहे. २०१६ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी असा विचार मांडला की, पिलांना धोका होऊ नये म्हणून मादी विणीच्या काळात स्वतःची झीज उलट कमी करत असावी. शिवाय गाय उलटण्याला गर्भाशयाचा संसर्ग, माज ओळखण्यातली चूक, कांडी अवेळी भरणे अशीही कारणे असतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि मगच औषध.

पुडीआधी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते महागही नाही. चार-पाच गुंठ्यांत लसूणघास किंवा मका, उन्हाळ्यासाठी मुरघास, रोजचे खनिज मिश्रण, पत्र्यावर पाचटाचे आच्छादन, चोवीस तास पाणी, आणि जमेल तिथे मुक्त गोठा. गायीचा माज पहिल्यांदा ओळखते ती घरातली बाई. पण पशुपालनाच्या शिबिरात पुढच्या रांगेत बसतात पुरुष. हे बदलायला हवे. टेंभूचे पाणी आटपाडीत आले, तेव्हा त्यातला एक वाटा चाऱ्याला, हे गावाने ठरवायला हवे. आणि सरकारने व दूध संघांनी कामाचे मोजमाप किती कांड्या भरल्या यावर न करता किती गायी व्याल्या यावर करावे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या चाऱ्यात आणि जनावरांच्या रक्तात नेमकी कशाची तूट आहे, याचा तालुकावार तक्ता त्याच्या मदतीने गावागावांत लावता येईल.

एक माज हुकला की एकवीस दिवसांचा चारा फुकट जातो. चार हुकले की कर्जाचा हप्ता थकतो. हा हिशेब शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. त्याच्या हाती द्यायचे आहे ते फक्त कारण. ते हाती आले, तर गायीला बाजार दाखवण्याआधी तो एकदा दावणीत डोकावून पाहील.